गुडघ्याची वही

ही वही नववी 'ब'च्या घटक चाचणीचे गुण टिपायला घेतली होती. पहिल्या दोन पानांवर हजेरी क्रमांक आहेत, सोळाव्या क्रमांकापर्यंत गुणही आहेत. सतराव्यापासून माझा गुडघा.

*

झालं ते एवढंच. जुलैचा पहिला आठवडा, पावसाची उघडीप. शाळेतून येताना उजवीकडे वळायला रस्त्यात थांबले होते. स्कूटर चालू, उजवा पाय खाली टेकलेला. बोळातून दुधाचा टेम्पो कोपरा कापत आला आणि त्याचा बंपर माझ्या गुडघ्याला बाहेरच्या अंगाने बसला. मी लगेच पडलेही नाही. आधी टेकले, मग स्कूटरसकट कलंडले. पायाकडे पाहिलं तर गुडघ्यापासून खाली नडगी बाहेरच्या बाजूला गेलेली. पाय माझाच, पण कुणीतरी घाईत जोडल्यासारखा. टेम्पोवाला पोरगा माझ्याहून जास्त थरथरत होता. "काकू, पाय हलवू नका, काकू, पाय हलवू नका," एवढंच म्हणत राहिला. समोरच्या किराणावाल्याने बिस्किटांचं खोकं फाडलं, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावला आणि माझ्याच ओढणीने बांधला. इस्पितळात शिकाऊ डॉक्टरने तो सोडताना मान डोलावली. नीट बांधला होता, म्हणाला.

*

बंपरने गुडघा मोडणं हा माझा एकटीचा पराक्रम नाही. १९२९ साली कॉटन आणि बर्ग या दोन अमेरिकन डॉक्टरांनी या मोडण्याला 'फेंडर फ्रॅक्चर' असं नावच देऊन टाकलं होतं. रस्त्यावर मोटारी वाढल्या, त्यांचा पुढचा पत्रा नेमका माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर आला, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे एकसारखे मोडलेले पाय यायला लागले. शंभर वर्षं होत आली. टेम्पोची उंचीही तीच, माझीही.

*

डॉक्टर 'टिबियल प्लॅटो' म्हणाले. प्लॅटो म्हणजे पठार. सातारकर माणसाला पठार समजावून सांगायला लागत नाही. कास इकडे, पाचगणीचं टेबललँड तिकडे. नडगीच्या हाडाचं वरचं टोक असंच सपाट, रुंद. त्यावर मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं लोळतात. पठाराचे भाग दोन. आतल्या बाजूचा मोठा, जरासा खोलगट आणि मजबूत. बाहेरच्या बाजूचा लहान, किंचित फुगीर आणि कच्चा. वर कूर्चेचा गुळगुळीत थर, त्याखाली पातळ कठीण कवच आणि त्याखाली जाळीदार हाड. टेबललँडवरचा जांभा दगड हातात घेऊन पाहिला असेल तर ती जाळी डोळ्यांसमोर येईल.

बाहेरून धक्का बसला की मांडीच्या हाडाचं टोक या पठारावर बत्त्यासारखं आदळतं. कड फुटते, आणि मधला पृष्ठभाग खालच्या जाळीत रुततो. ढोकळ्यात अंगठा दाबावा तसा. ढोकळा निदान थोडा परत फुगतो. हाड तिथेच राहतं.

*

पहिल्या दिवशी गुडघा एवढा टरारला की त्यातून सुईने रक्त काढलं. ट्रेमध्ये ते ओतल्यावर शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "हे बघा, वर तेल तरंगतंय." खरंच तरंगत होतं, तांबड्या रश्शावर तवंग यावा तसं. हाडाच्या आतली चरबी ती. रक्तात ती दिसली म्हणजे मोड सांध्याच्या आत उघडली आहे, हे फोटो न काढताही कळतं. आमचे हे त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. रविवारचा रस्सा आमच्या घरी अजून झालेला नाही.

*

पहिली रात्र. दर तासाला कुणीतरी यायचं, पोटरी दाबून बघायचं, पायाचा अंगठा धरून वर ओढायचं आणि विचारायचं, "दुखतंय का? किती?" मला वाटलं, शिकाऊ मुलांचा सराव चाललाय. तीन वाजता एका मुलीला जरा तोडूनच बोलले. ती तिथेच स्टुलावर बसली आणि शांतपणे सांगायला लागली.

पोटरीतले स्नायू चार कप्प्यांत असतात. प्रत्येक कप्प्याला न ताणणारं घट्ट आवरण. मोडलेल्या हाडाचं रक्त आणि सूज आत कोंडली की दाब वाढतो, एका मर्यादेनंतर स्नायूंना रक्तच पोहोचत नाही. मग काही तासांचाच खेळ. त्या वेळात कातडीपासून आवरणापर्यंत उभी चीर देऊन कप्पे उघडले तर पाय वाचतो. याची पहिली खूण फोटोत दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत नाही. दुखणं अचानक हाताबाहेर जातं, औषधाला दाद देत नाही, आणि बोट ओढलं की पेशंट किंचाळतो. पावलावरची नाडी तर शेवटपर्यंत लागत राहते, त्यामुळे ती लागली म्हणून गाफील राहायचं नाही. "म्हणून तुम्हाला झोपू देत नाहीये, मॅडम."

अंगठा स्वतःहून वर उचलायला लावायचे त्याचं कारण वेगळं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. ती चेचली गेली असेल तर पाऊल वर उचलता येत नाही, लोंबतं.

सकाळी मी त्या मुलीची माफी मागितली. तिची ड्यूटी संपून ती गेलेली होती, त्यामुळे ती माफी दुसऱ्याच कुणीतरी स्वीकारली.

*

पठार मोडण्याचे सहा प्रकार आहेत म्हणे. टोरोंटोचे डॉक्टर शाट्झकर, १९७९. पहिल्या प्रकारात बाहेरची कड नुसती चिरते. पुढे पुढे वाढत जाऊन सहाव्यात पठाराच्या दोन्ही बाजू तुटतात आणि अख्खं पठार खालच्या दांड्यापासून सुटं होतं. माझा सहावा. आयुष्यात कशात वरचा क्रमांक आला नव्हता.

मला यातली भूमिती जास्त आवडली. शाट्झकरांनी ही मांडणी समोरून काढलेल्या साध्या क्ष-किरण फोटोवर केली. म्हणजे घनाकृतीची एकच बाजू पाहून घनफळ ठरवायचं. मागच्या बाजूला तुटलेला तुकडा त्यात लपून राहायचा. सीटी स्कॅन आल्यावर पठार वरून बघता यायला लागलं, आणि २०१० मध्ये शांघायच्या लुओ यांनी ते तीन खांबांत वाटलं: आतला, बाहेरचा आणि मागचा. कुठला खांब तुटला त्यावरून सर्जन कुठून शिरायचं ते ठरवतो. दहावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं ओरडून सांगते, आकृती एका बाजूने बघून उत्तर लिहू नका.

*

सळ्या. पहिल्याच रात्री मांडीच्या हाडात दोन आणि नडगीत दोन पिना घालून बाहेरून सळईने जोडल्या. गुडघ्यावरून पूल टाकल्यासारखा. हे शेवटचं ऑपरेशन नव्हे, ही नुसती वाट पाहण्याची सोय. लांबी टिकवायची, तुकडे घसरू द्यायचे नाहीत, आणि सूज उतरू द्यायची.

भेटायला येणाऱ्यांचे दोन गट पडले. चादर वर करून बघणारे आणि "नको नको" म्हणत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघणारे. सासूबाई तिसऱ्याच. त्यांनी पिनेभोवतीची गॉज बघून विचारलं, "रोज पुसतात ना गं? दाराच्या कडीला गंज चढतो तसं नको व्हायला." नर्सबाईंनी त्यांना मान दिला.

*

कातडीची गोष्ट. नडगीवर मांस नाही, हाडावर लगेच कातडी. तिथे सूज आलेली असताना चीर दिली तर जखम मिटत नाही, काठ काळे पडतात, खालची प्लेट उघडी पडते. पूर्वी समोरून एकच मोठी चीर देऊन दोन्ही बाजूंचं हाड मोकळं करायचे, तेव्हा असं फार व्हायचं. आता चिरा दोन, एक बाहेरून आणि एक आतल्या बाजूने मागे, मध्ये कातडीचा रुंद पट्टा राखून. आणि मुळात घाई नाही.

माझ्या पायावर तिसऱ्या दिवशी फोड आले, काही पाण्याचे, दोन रक्ताचे. मग रोज सकाळी मोठे डॉक्टर यायचे, चिमटीत कातडी धरायचे, "अजून नाही" म्हणून निघून जायचे. ते सुरकुती शोधत होते. सूज उतरली की ताणलेल्या कातडीला बारीक सुरकुत्या पडतात, तो हिरवा कंदील. बाराव्या दिवशी सापडली. एक्कावन्न वर्षांच्या बाईने सुरकुती दिसली म्हणून पेढे वाटायचे बाकी होते.

*

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करायची युक्ती जर्मनीतल्या ऑगस्ट बिअर यांची, १८९८ची. बिअर आणि त्यांचा मदतनीस हिल्डेब्रांट यांनी ती एकमेकांवर करून बघितली. मदतनीसाचे पाय बधिर झाले आहेत का, हे तपासायला त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला. त्याला त्या वेळी काही कळलं नाही. नंतर कळलं असणार. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हा किस्सा मला सुई घालता घालता सांगितला, बहुतेक माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. लक्ष नडगीवरच गेलं.

*

थिएटर. अर्धवट गुंगीत होते, पण कान जागे. मध्ये हिरवा पडदा. पलीकडे सुताराचा कारखाना: ड्रिल, ठोकणं, थांबणं, "सी-आर्म आण", परत ठोकणं. काय चाललंय ते नंतर विचारून घेतलं.

रुतलेला पृष्ठभाग वरून उचलता येत नाही. म्हणून खालून जातात. हाडाला बाजूने लहानशी खिडकी पाडतात, तिच्यातून बोथट दांडा आत घालून तुकडा हलक्या हाताने वर ठोकत नेतात. वरून लक्ष ठेवायला गुडघ्यातली गादी टाक्यांनी उचलून धरतात. तुकडा पातळीत आला की पातळ तारांनी तात्पुरता टाचतात. आता खाली पोकळी राहिली. तिच्यात भर घालतात. रस्त्याचा खड्डा आपण वरून बुजवतो, पावसाळ्यात तो परत उघडतो. इथे खालून भरतात आणि वर ओळीने स्क्रू आडवे घालतात, छपराखाली वासे टाकल्यासारखे. एवढी अक्कल आमच्या रस्त्याला... जाऊ दे, ही वही गुडघ्याची आहे.

मग प्लेट. बाहेरच्या बाजूला एक मोठी, आतून मागे एक लहान. स्क्रूचं डोकंही प्लेटमध्ये आट्यांनी बसतं, त्यामुळे प्लेट आणि स्क्रू मिळून एकसंध चौकट होते. हाड ठिसूळ असलं तरी स्क्रू हलत नाही. प्रत्येक भोकाची खोली मोजतात, मग लांबी सांगतात. मला ते ऐकू येत होतं. "सत्तर दे." "सत्तर." "नाही, पासष्ट." खालच्या दांड्याकडे आले तेव्हा आकडे पस्तीस-चाळीसवर उतरले. म्हणजे माझं पठार साधारण सात सेंटिमीटर रुंद आहे, हे मला टेबलावर पडल्यापडल्या कळलं, आणि बरं वाटलं. काहीतरी मोजता आलं.

*

पोकळीतली भर माझ्याच कमरेच्या हाडातून काढली. गुडघ्यापेक्षा कंबर जास्त दुखते, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या आजींना सांगितलं होतं म्हणे, पण त्यांना वाटलं डॉक्टर चेष्टा करतायत.

*

केसपेपरच्या शेवटच्या पानावर प्लेटचे आणि स्क्रूचे स्टिकर चिकटवलेले आहेत, प्रत्येकावर माप आणि बॅच नंबर. वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाइल एका कार्यालयातून दोनदा परत आली. पहिल्यांदा स्टिकरची झेरॉक्स नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा झेरॉक्स होती, 'मूळ प्रत जोडावी' म्हणून. मूळ प्रत केसपेपरला चिकटलेली. तिसऱ्यांदा मीच कुबड्या घेऊन गेले आणि टेबलासमोर नुसती उभी राहिले. खुर्ची दिली. फाइलही घेतली.

*

घरी आल्यावर पोटात टोचायची इंजेक्शनं. पाय हलत नाही तेव्हा शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. भरलेली छोटी सिरिंज, बेंबीपासून चार बोटं लांब, रोज एक बाजू बदलून. आतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो तसाच ठेवून टोचायचं. आमचे हे शिकले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याकडे इतक्या एकाग्रतेने कधी पाहिलं नव्हतं.

*

सल्ले, आले त्या क्रमाने: पायाचं सूप. डिंकाचे लाडू. खारीक दुधात. नाचणीची आंबील. कांडवेलीची चटणी ("तिला हाडसांधी म्हणतात ते उगीच का?"). एका लांबच्या मामांनी हाडवैद्याचा पत्ता आणला. मनगट-बिनगट असतं तर मी वाद घातला नसता. पण सांध्याच्या आत रुतलेला तुकडा बाहेरून बोटांना लागतच नाही, तो चोळून वर येणार कसा?

डॉक्टरांनी खाण्यात कशालाच नाही म्हटलं नाही. एकच गोष्ट दोनदा विचारली: तंबाखू? मशेरी? तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर होतो, जखम चिघळते. शेजारच्या खाटेवरच्या आजी तेव्हा झोपल्याचं सोंग करून पडल्या होत्या.

*

शाळेतल्या संस्कृतच्या बाई भेटायला आल्या त्या सुश्रुत घेऊनच. सुश्रुतसंहितेत लांब हाडाच्या मोडीचे बारा प्रकार आहेत, सांधा निखळण्याचे सहा वेगळे. बारांत एक 'चूर्णित'. माझ्या केसपेपरवर इंग्रजीत जे लिहिलंय त्याला याहून नेमका शब्द नाही. झाडाच्या सालीच्या पट्ट्या बांधायच्या, आणि बांधलेलं कधी सोडायचं ते ऋतूवर: थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलं तर रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांनी पाय जखडायचा. बाई अभिमानाने म्हणाल्या, "बघा, सगळं होतं आपल्याकडे." सगळं नव्हतं, पण ऋतूप्रमाणे पट्टी सोडणारा माणूस सूज नक्की बघत होता. ती सुरकुतीच झाली की.

*

माझी फिजिओ माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. भूमितीत तिला पन्नासात एकोणीस होते, हे तिला आठवत होतं आणि मलाही. "बाई, अजून दहा," असं ती ज्या आवाजात म्हणते तो आवाज मी ओळखते. माझा आहे.

*

पूर्वी असा पाय प्लास्टरमध्ये घालून महिनोन्‌महिने ठेवायचे. हाड जुळायचं, सांधा मरायचा. कूर्चेला रक्तवाहिनी नाही. सांध्यातलं पाणी हालचालीने तिच्यात झिरपतं, तेच तिचं जेवण. टोरोंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी सत्तरच्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवलं की जखमी सांधा सतत हळूहळू हलवत ठेवला तर कूर्चा जास्त चांगली भरते. त्यातून ते यंत्र आलं, पाय ठेवला की आपोआप दुमडणारं, उघडणारं. मला तीन दिवस लावलं होतं. मांजर कुशीत घेतल्यासारखं घुरघुरतं. शेवटी मात्र यंत्रापेक्षा फिजिओचा हात आणि आपली इच्छा, यावरच गाडं.

*

कोन. फिजिओच्या भाषेत सरळ पाय म्हणजे शून्य अंश. माझ्या भूमितीत सरळ कोन १८० अंशांचा. ती ३० म्हणते तेव्हा मला १५० दिसतात. आम्ही एकमेकींशी फक्त काटकोनावर सहमत होतो. म्हणून मी नव्वदला सण मानला. पाचव्या आठवड्यात आला. कंपासपेटीतला कोनमापक गुडघ्याला लावून मीच खात्री करून घेतली, तिच्या लांब दांड्यांच्या मापकावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. सवय.

चालायला साठ-पासष्ट अंश पुरतात. जिने चढायला-उतरायला ऐंशी-नव्वद. खुर्चीतून हात न टेकता उठायला शंभराच्या आसपास. इथवर पुस्तकातला गुडघा. आमच्याकडचा गुडघा इथे सुरू होतो: उकिडवं बसायला एकशेतीसच्या पुढे, मांडीला नुसतं वाकून भागत नाही, नडगीला जरा वळावंही लागतं.

*

'मोडेन पण वाकणार नाही' असं बाणेदारपणे म्हणतात. माझ्या गुडघ्याने दोन्ही अक्षरशः केलं.

*

मांडीचा घेर शिंप्याच्या टेपने मोजला. वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर. डावी ४७, उजवी ४३. चार सेंटिमीटर मांस सहा आठवड्यांत कुठे गेलं? वाटीच्या आतल्या अंगाला जो फुगीर स्नायू असतो तो सगळ्यात आधी जातो आणि सगळ्यात शेवटी येतो. व्यायाम अगदी हास्यास्पद: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, दहा आकडे मोजायचे. एवढंच. पहिल्या दिवशी मेंदू हुकूम देत होता आणि मांडी ऐकतच नव्हती, मागच्या बाकावरच्या मुलासारखी.

*

बारा आठवडे पाय टेकवायचा नाही. हाड जुळायच्या आधी भार पडला तर वर आणलेलं पठार पुन्हा खचतं, प्लेट असली तरी. मग एकदम पूर्ण भारही नाही. घरचा वजनकाटा काढला, त्यावर उजवं पाऊल ठेवायचं आणि काटा वीसवर येईपर्यंत दाबायचं. माझं वजन ६४. म्हणजे शेकडा एकतीस. एकवीस झालं की फिजिओ "बाई!" म्हणून ओरडते. पायाला वीस किलो म्हणजे काय हे कळायला चार दिवस लागले. डोळे मिटूनही बरोबर वीसला थांबता यायला लागलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

*

फोटोत आता रेषा पुसट दिसतात. डॉक्टरांनी पेनाने दाखवलं: "इथे एक मिलिमीटरची पायरी राहिलीय. चालेल." किती पायरी चालते, यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे, बरेच जण दोन मिलिमीटरचा आकडा धरतात. पायाचा अक्ष सरळ असणं आणि गुडघा बाजूला न लचकणं हे त्याहून महत्त्वाचं, असं माझ्या डॉक्टरांचं म्हणणं. पुढे झीज होणार का? "होऊ शकते." किती वर्षांनी? खांदे उडवले. झालीच तर सांधा बदलायचा. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेतींनी इथल्या रुग्णांसाठी 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला, हे मी वाचलं होतं. ते बोलून दाखवलं तर डॉक्टर हसले. "आत्ताच दुकान कशाला बघताय? आहे तो वापरा."

*

एसटीची पायरी. शाळा सुरू केली तेव्हा जिने जमत होते, फळ्यासमोरचा ओटा जमत होता. एसटी नाही. पहिली पायरी एवढी उंच का, हे एक कोडं आहे. डावा पाय आधी वर, उजवा मागून ओढून. उतरताना उलट, उजवा आधी खाली. "चढताना चांगला, उतरताना वाईट," असं फिजिओने पाठ करून घेतलं. मागे उभ्या माणसाला हे सांगायला वेळ नसतो. कंडक्टर मात्र घंटी न मारता थांबला. नंतर म्हणाला, "गुडघा का? माझ्या आईचा पण."

*

डॉक्टर दर भेटीत एक फॉर्म भरून घ्यायचे. जिना चढता येतो का, मोजे घालता येतात का, गाडीतून उतरता येतं का, रात्री दुखतं का. प्रत्येकाला शून्य ते चार. सगळा फॉर्म भरला आणि मी विचारलं, यात मांडी कुठे आहे?

नाही. फॉर्म बाहेरच्या देशातला, तिथे जमिनीवर कुणी बसत नसेल. पण माझं काय? भाजी निवडायला मी खाली बसते. रांगोळी उकिडवं बसून. गौरीच्या जेवणाची पंगत, हळदीकुंकू, चुलतदिरांकडचा सत्यनारायण, कुणाच्या घरी दहाव्याला गेलं तर सतरंजीवर. तिथे खुर्ची मागणारी बाई एकदम उंचावरून सगळ्यांकडे बघते आणि सगळ्या जणी खालून तिच्याकडे. प्रश्न गुडघ्याचा नसतो त्या वेळी. फॉर्मप्रमाणे माझे गुण उत्तम आहेत. माझ्या पेपरात मी अजून काठावर आहे.

डॉक्टर खरं बोलणारे. "मांडीचं वचन मी देत नाही. जमली तर घाला, जबरदस्ती करू नका. आणि शौचालय कमोडच ठेवा." कमोडचं ऐकलं.

*

दहावा महिना. ११८ अंश. गेले पाच आठवडे ११८. फिजिओ म्हणते, आता अंशापेक्षा ताकद बघू. ती बरोबर असेल. मी तरी रोज रात्री कोनमापक लावते.

*

मांडीसाठी माझी स्वतःची पद्धत: पाट, पाटावर तीन उशा, त्यावर मी. या उंचीवर उजवा पाय पुढे सैल दुमडता येतो. मांडी म्हणवत नाही, पण लांबून बघणाऱ्याला तशी वाटेल. पंधरा दिवसांनी एक उशी कमी. सासूबाई समोर बसून शेंगा सोलतात, बघत नाही असं दाखवतात.

दोन उशांवर तेरा दिवस काढले.

काल दुसरी काढली. शेंगा संपेपर्यंत बसले, उठताना सासूबाईंच्या खांद्याला धरलं. रात्री गुडघा सुजला. आज सकाळी उशी परत घातली.